आढळले आणि आढळते

मराठीच्या तासाला गद्याचे प्रकार शिकवून होतात. कथनात्मक, वर्णनात्मक, विवेचनात्मक, युक्तिवादात्मक अशी चार नावे फळ्यावर येतात, प्रत्येकाखाली दोन-दोन वैशिष्ट्ये येतात, मुले ती उतरवून घेतात आणि घंटा होते. पुढचा तास विज्ञानाचा असतो. तीच मुले त्याच बाकांवर बसून प्रयोगवही उघडतात आणि उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे घालू लागतात. कृती म्हणजे काय केले त्याचे कथन. निरीक्षण म्हणजे काय दिसले त्याचे वर्णन. अनुमान म्हणजे दिसलेल्यावरून काय म्हणता येते याचा युक्तिवाद. आधीच्या तासाला शिकलेले प्रकार या वहीत वापरायचे आहेत, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. मराठीच्या शिक्षकांना प्रयोगवही पाहण्याचे कारण पडत नाही आणि विज्ञानाच्या शिक्षकांना गद्य हा आपला विषय वाटत नाही.

याचा परिणाम असा की वहीतल्या सर्व मथळ्यांखाली एकाच जातीचे गद्य भरले जाते. त्यात कोणी काही केलेले नसते, सर्व काही 'करण्यात येते'. कोणी काही पाहिलेले नसते, ते 'दिसून येते'. परीक्षानळी 'घेण्यात येते', ती 'तापवण्यात येते', आणि शेवटी काहीतरी 'सिद्ध होते'. नळी कोणी घेतली, ती फुटली का, पहिल्या खेपेस काय चुकले, याचा पत्ता नसतो. हे गद्य वाचून विद्यार्थ्याने प्रयोग केला की फळ्यावरून उतरवला, हे ओळखणे अशक्य आहे. आम्ही स्वतः शाळेत अशाच वह्या भरल्या, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो.

त्यांतला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. पुण्यातल्या एका शाळेत आम्ही शिकत होतो. पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा प्रयोग होता. चंचुपात्रातले पाणी खळखळून उकळू लागले, तापमापीतला पारा ९८ च्या आसपास थांबला आणि तेथून हलेना. आम्ही निरीक्षणाखाली ९८ लिहिले. वही परत आली तेव्हा ९८ वर लाल रेघ होती आणि बाजूला १०० असे लिहिलेले होते. सर्व वर्गाच्या वह्यांत १०० च होते. ज्यांचा पारा ९८ वर थांबला होता, त्यांच्याही.

आता पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. म्हणजे पुण्यात पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळायला हवे. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांना उकळेल. लाल रेघ बरोबर आकड्यावर पडली होती आणि चुकीचा आकडा सर्वांच्या वह्यांत दिमाखाने बसला होता. शिक्षकांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांना भौतिकशास्त्र येत होतेच. हवेच्या दाबाचा धडा त्यांनीच आम्हांला पुढे उत्तम शिकवला. घोटाळा झाला होता तो गद्याच्या प्रकारांचा.

ही तीन वाक्ये पाहा. 'पाणी ९८ अंशांना उकळले.' 'एक वातावरण दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळते.' 'येथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी लवकर उकळले असावे.' तिन्ही वाक्ये खरी आहेत आणि तिन्ही एकमेकांशी सुखाने नांदू शकतात. पहिले एका दिवशी एका टेबलावर घडलेल्या घटनेचे आहे. दुसरे नियमाचे आहे. ते पुस्तकात शोभते. तिसरे या दोघांमधली फट भरणारे आहे आणि त्यात 'असावे' हा सावध शब्द आहे. आमच्या वहीत दुसऱ्या वाक्याने पहिल्याची जागा बळकावली आणि मग तिसऱ्याची गरजच उरली नाही. शिकण्यासारखे जे होते ते नेमके तिसऱ्या वाक्यात होते. 'असावे' म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कशावरून? तापमापीच एका-दोन अंशांनी चुकत नसेल कशावरून? शाळेतल्या तापमाप्यांच्या बाबतीत ही शंका मुळीच अवाजवी नाही. मग ती वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवते का ते पाहावे, वर्गातल्या दुसऱ्या तापमाप्यांशी ताडून पाहावी, जमल्यास हीच तापमापी मुंबईला जाणाऱ्या कोणाजवळ द्यावी. असे होता होता एक चांगला युक्तिवाद तयार झाला असता.

मराठीत हे भेद क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांत वसलेले आहेत, ही आम्हांला मोठी सोय वाटते. 'आढळले' आणि 'आढळते' यांत एका अक्षराचे अंतर आहे. पण 'ले' लिहिणारा साक्षीदार असतो आणि 'ते' लिहिणारा नियम सांगत असतो. 'ले' वरून 'ते' वर उडी मारायची तर मध्ये किती वेळा पाहिले, कोणत्या परिस्थितीत पाहिले, उलट उदाहरण शोधले का, या सगळ्या पायऱ्या आहेत. 'दिसून येते' हा शब्दप्रयोग या पायऱ्यांवर चादर टाकतो. त्याचे रूप निरीक्षणाचे असते आणि काम नियमाचे असते.

वर्णन प्रामाणिक असले तर ते लेखकाच्या मताविरुद्धही साक्ष देते, याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे परातीतल्या मेणबत्तीचा प्रयोग. परातीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा ठेवलेला काचेचा ग्लास. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढते. वह्यांत पुढे असे असते की पाणी एक पंचमांश चढते, यावरून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन आहे हे सिद्ध होते. ऑक्सिजनचे प्रमाण बरोबर आहे, ते सुमारे २१ टक्के आहे. अनुमान मात्र चुकीचे आहे. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बरीच आधी विझते, आणि जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येत असतो. पाणी चढते ते मुख्यतः ज्योतीने तापून प्रसरण पावलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते म्हणून.

हे कळायला वेगळे उपकरण लागत नाही, नीट लिहिलेले वर्णन लागते. 'ग्लास ठेवताना त्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर आले. ज्योत पेटती होती तोपर्यंत पाणी फारसे चढले नाही. ज्योत विझल्यावर ते भराभर चढले. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तेव्हा पाणी अधिक चढले.' ही चार वाक्ये कोणीही आठवीतला मुलगा लिहू शकेल. ऑक्सिजन जळून जागा रिकामी झाली म्हणून पाणी चढत असेल, तर ज्योत पेटती असतानाच ते चढत राहायला हवे होते आणि तीन मेणबत्त्यांनी पाच टक्केही फरक पडायला नको होता, कारण ग्लासातली हवा तेवढीच आहे. वर्णनाने अनुमान मोडले. पण बहुतेक वह्यांत ही वाक्ये नसतात. अनुमान आधी ठरलेले असते, आणि त्याला पुरेल एवढेच वर्णन केले जाते.

मेणबत्तीचा विषय निघाला की मायकेल फॅरेडे यांच्या व्याख्यानांकडे वळावेच लागते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुमारास मुलांसाठी व्याख्याने होत. १८६०-६१ च्या हंगामात फॅरेडे यांनी मेणबत्तीच्या रसायनावर सहा व्याख्याने दिली, आणि विल्यम क्रुक्स यांनी १८६१ मध्ये ती पुस्तकरूपाने संपादित केली. विवेचनात्मक गद्याचा नमुना म्हणून आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती एकच पुस्तक द्यायचे ठरवले तर हेच देऊ. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला हा माणूस, त्यामुळे न कळणाऱ्याला काय कळत नाही याची त्याला आतून जाण होती.

त्यांच्या गद्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. ज्वलन म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी पहिल्या पानावर ठेवलेली नाही. आधी मेणबत्तीच्या माथ्यावर तयार होणारी मेणाची वाटी ते दाखवतात. मेण वितळते, पण कडा का वितळत नाही? ज्योतीमुळे गरम झालेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला खालून थंड हवा येते आणि ती कडेला गार ठेवते. मग लगोलग, नक्षीच्या आणि वेड्यावाकड्या आकाराच्या शोभेच्या मेणबत्त्या ओघळून का खराब होतात, हे त्याच कारणाने ते उलगडतात. पुढे ज्योतीच्या मध्यभागी वाकडी काचनळी धरून तिच्यातून मेणाची वाफ बाहेर काढतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ती पेटवून दाखवतात. दाखवले, विचारले, सांगितले, आणि सांगितलेले दुसऱ्या ठिकाणी लावून पाहिले, असा तो क्रम आहे. शेवटच्या व्याख्यानात ते मेणबत्तीचे जळणे आणि माणसाचे श्वसन शेजारी शेजारी ठेवतात. येथपर्यंत आल्यावर हे साम्य अलंकारासारखे वाटत नाही, कारण दोन्हींतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड श्रोत्यांनी चुन्याच्या निवळीत पाहिलेला असतो.

या पुस्तकात उणीवही आहे. ती बोललेली भाषणे आहेत. 'हे पाहा' म्हणून वक्ता काहीतरी उचलतो आणि वाचकाच्या हाती काहीच येत नाही. काही ठिकाणी तर प्रयोगाची मांडणी आकृतीवाचून समजत नाही. म्हणून शेजारी मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवून हे पुस्तक वाचावे, असे आमचे मत आहे.

कथनाकडे येऊ. विज्ञानाच्या शिक्षकांना गोष्टी फार आवडतात, आणि त्यात गैर काही नाही. पण गोष्टीला एक खोड असते: ती 'मग' च्या जागी नकळत 'म्हणून' ठेवते. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडले आणि गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला, असे आपण सांगतो. विल्यम स्टकली यांनी १७२६ मध्ये न्यूटनशी बागेत झालेल्या संभाषणाची आठवण १७५२ मध्ये लिहिली, तीत सफरचंद आहे, पण ते डोक्यावर पडलेले नाही. सफरचंद आणि प्रिन्सिपिया यांच्यामध्ये वीस वर्षांचे गणित आहे, ते गोष्टीत मावत नाही. आर्किमिडीज न्हाणीतून ओरडत धावला, ही कथा आपल्याला व्हिट्रुव्हियसकडून मिळते, आणि तो आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. या गोष्टी सांगू नयेत असे नाही. ही गोष्ट कोणी सांगितली, कधी सांगितली, त्याने ते स्वतः पाहिले होते का, असे विचारण्याची सवय मात्र गोष्टीबरोबरच द्यावी.

आपल्याकडे याला फार जुना आधार आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेले लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ठेवा. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी त्या-त्या माणसांना भेटून, विचारून गोळा केल्या. एकाच प्रसंगाची आठवण निरनिराळ्यांना निरनिराळी असेल तर तो भेद नोंदवलेलाही परंपरेने जपला. मागे भक्ती होती, तरी साक्षींतला फरक पुसून एकच गुळगुळीत कथा करण्याचा मोह त्यांनी आवरला. आमच्या प्रयोगवहीला ही शिस्त जमली असती तर निदान एका वहीत तरी ९८ राहिले असते.

विज्ञानाच्या इतिहासातही असे प्रामाणिक कथन आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० मध्ये वातपंपावरच्या ४३ प्रयोगांचा वृत्तान्त आपल्या पुतण्याला लिहिलेल्या पत्राच्या रूपात प्रसिद्ध केला. पंप गळतो, हवा आत शिरते, अपेक्षित परिणाम दिसत नाही, हे सर्व त्यात आहे. वाक्ये लांबलचक आणि कंटाळवाणी आहेत, हे कबूल केले पाहिजे. पण जो वाचक तेथे हजर नव्हता त्याला हजर असल्यासारखे करायचे, म्हणून तो पाल्हाळ आहे. पुढे तीनशे वर्षांत वैज्ञानिक निबंधातून हा 'मी' निघून गेला. १९६३ मध्ये पीटर मेडावर यांनी बीबीसीवरच्या भाषणात असा प्रश्नच केला की वैज्ञानिक निबंध ही फसवणूक आहे काय. त्यातली माहिती खोटी असते असे त्यांना म्हणायचे नव्हते. आधी निरीक्षणे आणि शेवटी निष्कर्ष, अशी निबंधाची मांडणी, ते विचार प्रत्यक्षात कसे सुचले याविषयी चुकीचे चित्र उभे करते, हा त्यांचा आक्षेप होता. शास्त्रज्ञ कल्पना आधी करतो, आणि काय पाहायचे हे ती कल्पना ठरवते. आम्हांला हा आक्षेप मान्य आहे. पण प्रयोगवहीतून अनुमान शेवटी ठेवणे काढून टाकावे असे त्यातून निघत नाही. फार तर 'उद्देश' या मथळ्याखाली 'आमचा अंदाज' अशी एक ओळ आधी घालावी. मग शेवटी तो चुकला का, हे लिहिताना मुलांना लाज वाटणार नाही.

युक्तिवादात्मक गद्य शाळेत सर्वांत कमी वाचले जाते. निबंधाच्या तासाला 'विज्ञान शाप की वरदान' लिहून घेतात, तेवढाच त्याचा संबंध. त्यात पाच फायदे, पाच तोटे आणि शेवटी मधला मार्ग असतो. कोणाचा कोणाशी वाद झालेला नसतो.

चार्ल्स डार्विन यांचे १८५९ मधले 'ओरिजिन' हा अथपासून इतिपर्यंत एक युक्तिवाद आहे. त्यांनी स्वतःही ग्रंथाचे वर्णन तसेच केले आहे. आरंभ मात्र घरगुती आहे. पहिले प्रकरण पाळीव प्राण्यांचे, आणि त्यात मोठा मान कबुतरांचा. डार्विन स्वतः कबुतरे पाळत, लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत जात. माणूस निवड करून थोड्या पिढ्यांत कबुतराचे रूप इतके पालटू शकतो, हे वाचकाकडून आधी कबूल करून घ्यायचे आणि मग निसर्गाकडे जायचे. सहाव्या प्रकरणात तर ते आपल्याच सिद्धान्तावरच्या अडचणी मांडायला बसतात. डोळ्यासारखे गुंतागुंतीचे इंद्रिय नैसर्गिक निवडीने घडले असेल हे किती अविश्वसनीय वाटते, हे ते विरोधकापेक्षाही जोरदारपणे सांगतात, आणि लगेच साध्या प्रकाशसंवेदी इंद्रियापासूनच्या पायऱ्या दाखवून उत्तर देतात. आपल्या शास्त्रग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणतात. पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षालाही तो मान्य व्हावा, मग त्याचे खंडन करावे, हा संकेत डार्विन यांनी न शिकताच पाळला आहे.

गद्याचा प्रकार न ओळखल्याने किती नुकसान होते, हे याच परिच्छेदाने दाखवून दिले आहे. उत्क्रांतीचे विरोधक त्याचा पहिला अर्धा भाग तोडून, 'पाहा, डार्विनलाच डोळ्याचे कोडे सुटले नव्हते' असे गेली कित्येक दशके छापत आले आहेत. त्यांतले काही लबाड असतील. पण त्यांच्यावर विश्वास ठेवणारे बहुतेक साधे वाचक असतात. लेखक येथे दुसऱ्याचे म्हणणे मांडत आहे, आपले नव्हे, हे ओळखण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नसते.

मराठीतला असा युक्तिवाद शोधायला दूर जावे लागत नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेला 'शेतकऱ्याचा असूड' आपण सामाजिक ग्रंथ म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र तो जमीन आणि पाणी यांसाठी एकदा वाचावा. शेतकऱ्याच्या घराचे, अंगणाचे, भांड्याकुंड्यांचे त्यांनी केलेले वर्णन इतके तपशीलवार आहे की ते पंचनाम्यासारखे वाटते. दुसरीकडे कार्यकारणाची साखळी आहे: डोंगरावरचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते, जमीन निकस होते, म्हणून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे असे बांधावेत की पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्यांना मिळेल. मृदसंधारण हा शब्द शाळेत येण्याच्या कितीतरी आधीचे हे विवेचन आहे. त्यातला राग वाचकाला अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि काही ठिकाणी रागाने पुराव्याच्या पुढे धाव घेतली आहे असेही आम्हांला वाटते. तरीही कोठे वर्णन चालू आहे, कोठे कारण सांगितले जात आहे आणि कोठे आरोप होत आहे, हे वाचताना स्पष्ट कळते. नवव्या-दहाव्या इयत्तेच्या मुलांना त्यातले एखादे पान देऊन या तीन रंगांच्या रेघा मारायला सांगाव्यात. मराठी आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून हा तास घेतला तर अधिक बरे.

दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा' विषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वर्णनात्मक गद्याचे उदाहरण म्हणून १९५६ पासून त्याचेच नाव घेतले जाते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत झाडे, पाखरे, आकाश यांच्याकडे इतके लक्ष देऊन मराठीत क्वचितच कोणी पाहिले असेल. पण त्या पाहण्यात पाहणारीचे मन सतत मिसळलेले आहे, आणि ते तसेच हवे. तो ललित निबंध आहे. विज्ञानाच्या वर्गात मात्र या गद्याची नक्कल करू देऊ नये. मुलांनी त्यातून महिन्यानुसार नोंद ठेवणे आणि प्रत्येक झाडाला त्याच्या नावाने ओळखणे उचलावे, रंगांना दिलेल्या उपमा तिथेच ठेवाव्यात. शाळेच्या आवारातला बहावा यंदा कोणत्या तारखेला फुलला, एवढी एक ओळ दरवर्षी वहीत पडली, तर दहा वर्षांनी ती उपयोगी पडेल.

या सर्वांवर शिक्षकांचा एक रास्त आक्षेप असतो. मुलांनी ९८ लिहिले आणि परीक्षकाने गुण कापले तर जबाबदारी कोणाची? यावर आम्ही एवढेच सुचवू शकतो की निरीक्षणाचा मथळा दोन ओळींचा करावा. पहिल्या ओळीत स्थळ, तारीख, तापमापीचा क्रमांक आणि जे दिसले तो आकडा, 'उकळले' या क्रियापदासह. दुसऱ्या ओळीत पुस्तकातला आकडा, 'उकळते' या क्रियापदासह, आणि तो कोणत्या दाबाला लागू आहे तेही. अनुमानाची जागा मग या दोन आकड्यांमधल्या फरकासाठी मोकळी राहते. परीक्षकाला १०० हवे असतील तर ते त्याला दुसऱ्या ओळीत सापडतील.